काळीचे टाके

रिटायर झाल्यावर मी एक ठरवलं होतं: आता कुणाला काही पटवायला जायचं नाही. तीस वर्षं उपकेंद्राची नर्स म्हणून गावोगाव फिरले. त्यातला कितीतरी वेळ लोकांच्या ओट्यावर बसून ‘आता पोरं बास करा, ऑपरेशन करून घ्या’ हेच सांगण्यात गेला. आधी सासूला सांगायचं, मग नवऱ्याला, सगळ्यात शेवटी त्या बाईला. धाराशिवला घर बांधून राहायला आले तोवर गुडघे गेले होते आणि बोलायचाही कंटाळा आला होता.

गल्लीच्या टोकाच्या घरात एक म्हातारे बाबा राहतात. मुलगा कोर्टात कारकून. गावाकडची मेंढरं विकून त्यानं बापाला इथं आणलं. मेंढरांमागची काळी कुत्री तेवढी बाबांनी सोडली नाही. तिला ते ‘बाय’ म्हणायचे, बाकी गल्ली ‘काळी’. माणसांशी फारसं बोलत नसत.

काळी वर्षातून दोनदा व्यायची. पाच, सहा, एकदा तर आठ पिलं. बाबांच्या सुनेला पिलं दारात नको असायची, म्हणून काळी त्यांना तोंडात धरून गल्लीभर हिंडायची. कुणाच्या जिन्याखाली ठेवायची, कुणाच्या वाळूच्या ढिगाआड. एखाद-दुसरं जगायचं. बाकीची गाडीखाली जायची, नाहीतर थंडीनं, नाहीतर रक्ताची हगवण लागून मरायची. मेलेलं पिलू दिसलं की माझ्या दाराची कडी वाजायची. “सिस्टर, तेवढं उचलता का? आमाला बघवंना.” मला बघवतं, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी हातमोजे घालून जायचे, पिलू पिशवीत घालायचे आणि मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये खड्डा करायचे.

त्या हिवाळ्यात एका आठवड्यात पाच खड्डे झाले. पाचव्याला खाली मुरूम लागला. खोरं टेकवून मी तिथंच बसले. बराच वेळ उठावंसंच वाटेना. मग उठले आणि हात न धुताच बाबांच्या दारात गेले.

बाबा बाजेवर बसले होते, काळी त्यांच्या पायाशी.

“बाबा, हिचं ऑपरेशन करून टाकू,” मी म्हणाले. “पिशवी काढली की पुन्हा पिलं होणार नाहीत.”

“मुक्या जितराबाची कूस मारायची?” ते शांतपणे म्हणाले. “म्या न्हाय नेणार.”

यावरची सगळी उत्तरं मला पाठ होती. एकही द्यावंसं वाटलं नाही. “बरं,” मी म्हणाले आणि घरी आले.

तरी दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात गेलेच. तिथले डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. “मॅडम, आमच्याकडं दिवसभर गाई-म्हशी. कुत्रीचं ऑपरेशन करायची रोजची सोय इथं नाही. सोलापूरला खाजगीत होतं.” सोलापूरचा खर्चही त्यांनी सांगितला. पेन्शनीतून तो मला कसाबसा झेपला असता. बाबांच्या घरात तर कुत्रीवर कुणी इतका खर्च करू दिला नसता.

महिनाभरानं डॉक्टरांचाच फोन आला. दवाखान्याच्या आवारात कुत्र्या-मांजरांचं शिबिर होतं. बाहेरून डॉक्टर येणार होते. खर्च सोलापूरच्या मानानं अगदीच थोडा, औषधं धरून. ‘शिबिर’ म्हटलं की मला बायकांच्या ऑपरेशनची शिबिरंच आठवायची. पण काळीचं दूध आटलं होतं. ती पुन्हा माजावर यायच्या आत हे व्हायला हवं होतं.

पुन्हा बाबांकडं गेले. या वेळी मला काही बोलावं लागलं नाही. सूनच स्वयंपाकघरातून म्हणाली, “औंदा ही परत व्याली, तर तिला टेंपोत घालून नळदुर्गच्या पल्याड हायवेला सोडून यायला सांगणार हाय मी. आत्ताच सांगून ठिवते.”

बाबांनी काळीच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, “कवा न्यायचं? पर म्या संगं येणार.”

रात्रीपासून तिला उपाशी ठेवायचं होतं. ती ताटाभोवती घुटमळते म्हणून बाबाही जेवले नाहीत, हे मला सुनेनं सकाळी सांगितलं. पहिल्या दोन रिक्षावाल्यांनी कुत्रं बघूनच मान हलवली. तिसरा म्हणाला, “सीट घाण केली तर?” बाबांनी खांद्यावरचं घोंगडं सीटवर अंथरलं आणि काळीला मांडीवर घेऊन बसले.

दवाखान्याच्या शेडमध्ये ताडपत्री अंथरली होती. ऑपरेशन झालेल्या कुत्र्या तिच्यावर ओळीनं निजवलेल्या, गुंगीत, जिभा बाहेर आलेल्या. काळीला आत नेलं तसं बाबा त्या ओळीकडं बघत उभे राहिले.

“आमच्या कारभारणीला नेलती तवा,” ते म्हणाले, “वरांड्यात आशाच निजिवल्या व्हत्या बाया.”

मी दुसरीकडं बघितलं.

काळी शुद्धीवर येऊन घरी आली, पण टाके काही धड राहिले नाहीत. ती सारखी चाटायची. जखमेला तोंड पोचू नये म्हणून मी जुन्या बादलीचा तळ कापून ती बादली तिच्या गळ्यात अडकवली. बाबांनी ती रात्री काढली, “गुदमरती” म्हणून. वर हळद-तेल लावलं. तिसऱ्या दिवशी एक टाका उसवला आणि जखम लाल झाली. मी बाबांना बोलले. जरा जास्तच बोलले. मग डॉक्टरांना फोन करून औषध विचारलं आणि रोज सकाळी जखम धुवायला जाऊ लागले. बाबा डोकं धरायचे, मी खाली बसून कापूस फिरवायचे. बसताना आणि उठताना गुडघे जीव काढायचे.

चार-पाच दिवसांनी असंच चाललेलं असताना बाबा आपण होऊन बोलले.

“आमची त्या आपरेशनानंतर कंबर धरूनच बसायची. मरंस्तवर. नर्सबाई म्हणली व्हती, मुंगी चावल्यागत वाटंल, दुसरं काय न्हाय.”

मी विचारलं, “कुठल्या गावी झालं ऑपरेशन?”

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. माझ्या भागातलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. कारण मुंगीचं ते वाक्य माझंही होतं. किती जणींना सांगितलं असेल, त्याचा हिशेब नाही.

“मी पण असंच सांगायचे, बाबा,” मी म्हणाले.

ते काळीचं डोकं थोपटत राहिले. “तुमाला बी वरून सांगत आसतील.”

“सांगायचे. पण बाईसमोर बसून बोलायचे ती मीच.” मग मी विचारलं, “नंतर कुणी बघायला आलं होतं का त्यांना?”

“न्हाय. टाकं काडाया बी आमीच गेलो, बैलगाडीत.”

मी दुसरा कापूस घेतला. काळी एकदा कण्हली आणि गप्प पडून राहिली.

बाराव्या दिवशी टाके काढले. जखम भरली. काळी आता चांगली आडवी सुटली आहे आणि सून तिला स्वतःहून भाकरी टाकते. पुढच्या थंडीत माझ्या दाराची कडी वाजली नाही.

त्यानंतर गल्लीतल्या बायका यायला लागल्या. “सिस्टर, आमच्या मांजरीचं बी बघा की.” मी डॉक्टरांचा नंबर द्यायचे आणि म्हणायचे, “तुम्हीच फोन करा.” एकीनंही केला नाही. शेवटी मीच केला. पुढच्या शिबिराला सहा-सात महिने लागले, कारण औषधं यायची होती आणि बाहेरच्या डॉक्टरांना सवड नव्हती.

दोन मांजरी न्यायच्या ठरल्या होत्या. दोन्ही घरी मी आदल्या संध्याकाळी जाऊन सांगून आले, रात्रीनंतर पोटात काही जाऊ देऊ नका. सकाळी पिशवी घेऊन गेले तेव्हा पहिलीची मांजर तयार होती. दुसऱ्या घरची बाई दारातच म्हणाली, “लई वरडत व्हती ओ सिस्टर. वाटीभर दूध दिलं. एवढ्यानं काय व्हतंय?”

भरल्या पोटी गुंगी देता येत नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगितलं नाही. एकच मांजर घेऊन रिक्षात बसले. बाबा आधीच पुढं रिक्षावाल्याशेजारी जाऊन बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

ती दुसरी मांजर गेल्या आठवड्यात व्याली. चार पिलं आहेत, माझ्याच जिन्याखाली.