सरस्वतीबायचा धवला

खाडीकाठच्या तळवलीत लग्न निघालं की पहिलं आवतण सरस्वतीबायला. ती धवलारीण. भटजी नंतर, आधी तिनं धवले गाऊन देवांना, पितरांना, खाडीलासुद्धा मांडवात बोलवायचं, मगच लग्न लागायचं. अन् तिचे धवले पाठ कुणाला? लेकींना नाही, सुनांना तर नाहीच नाही. पाठ होते पडवीत भाड्यानं राहणाऱ्या करिमुन्निसाला! आता बोला.

करिमुन्निसा श्रीवर्धनकडची. नवरा बदरुद्दीन पावणे गावातल्या कारखान्यात. आठ वर्षं रोज दुपारी दोघी ओट्यावर जवळा निवडत बसायच्या. करिमुन्निसा आपल्या बापाची गोष्ट सांगायची, गलबतावर गेला तो परत आलाच नाही. सरस्वतीबाय ऐकता ऐकता रडायची आणि मग एखादा धवला म्हणायची. ब्याण्णवच्या डिसेंबरात दंगली पेटल्या तेव्हा बदरुद्दीन म्हणाला, गावी जाऊ. सरस्वतीबायनं दारातच बसकण मारली. "माज्या अंगावरून जा."

पंच्याण्णव साली तिच्या नातीचं, नमिताचं लग्न ठरलं आणि पंधरा दिवस आधी म्हातारीला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. शेजारगावची धवलारीण त्याच मुहूर्तावर दुसरीकडे अडकलेली. सरस्वतीबाय डाव्या हातानं सारखी करिमुन्निसाकडे बोट दाखवायची. घरात सगळ्यांना कळत होतं, पण वळत कुणाला नव्हतं.

शेवटी करिमुन्निसाच भीड मोडून म्हातारीच्या नवऱ्याकडे गेली. "पंढरीदादा, मी म्हणू का? पडद्याआड बसून म्हणेन."

पंढरीनं मान खाली घातली. "मना चालंल गो बाय. पन भावकी मांडवातशी उठून जाईल. पोरीचा लगीन हाय."

करिमुन्निसा मागे फिरली. हट्ट धरावा तर नमिताचं लग्न मोडायचं.

लग्नाच्या दिवशी मांडवात धवल्यांविनाच भटजींचा माईक सुरू झाला. खोलीत म्हातारी डावा हात जमिनीवर आपटत होती, डोळ्यांतून धारा. करिमुन्निसाला राहवेना. तिनं म्हातारीच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच धवला धरला. आपटणारा हात थांबला.

तेवढ्यात दारात पंढरी. करिमुन्निसानं धवला अर्ध्यावरच सोडला. बायकोचा धवला, चाळीस वर्षं ऐकलेला. तो ओळखणार नाही होय?

"पुरा म्हन, बाय. अर्धा सोरू नको," तो म्हणाला, आणि आवाज मांडवात जाऊ नये म्हणून त्यानं बाहेरून दार ओढून घेतलं.