तळाची किल्ली

आक्का ही माझी थोरली बहीण. रुग्णालयाच्या संगणक विभागात तिनं सव्वीस वर्षं किल्ल्या सांभाळल्या. लोखंडी नव्हेत, रुग्णांची माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या, अक्षरांच्या लांबलचक रांगा. घरी तिला स्वतःचा चष्मा सापडायचा नाही, पण तिच्या किल्लीला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

पहिली किल्ली तिनं केली. ती सुरक्षित राहावी म्हणून तिच्याखाली दुसरी आली, दुसरीसाठी तिच्याही तळाशी तिसरी. मग नव्या साहेबांनी या सगळ्यावर एक पडदा आणला: एक बटण, एक हिरवा दिवा.

"ताई, आता डोक्याला ताप नाही," साहेब म्हणाले.

"वरून सोपं झालंय हो. पण तळाशी काय आहे ते आता कुणाला दिसणार?"

सगळे हसले. मीही हसलो, त्याची आता लाज वाटते. ती निवृत्त झाली त्याच संध्याकाळी तिचा ईमेल बंद झाला.

पुढे माझ्या डोळ्याच्या नसेला लागून गाठ निघाली. त्याच रुग्णालयात किरणोपचाराचे तीस दिवस ठरले. किरण केसभर सरकले तर नजर जाणार. आक्का रोज सोबत यायची. एकोणिसाव्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा साहेब हसतच आले.

"ताई, तुमची अडगळ काढली बरं का! एक जुनी किल्ली, वर्षभर वापरच नव्हता."

आक्काचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, यंत्रणा बंद करून परत सुरू करतानाच ती लागते! बाकी सगळ्या तिच्यावरच उघडतात. काढायच्या आधी महिनाभर किल्लीच्या मालकाला ईमेलवर इशारे येतात ना?"

"मालक म्हणून तुमचंच नाव होतं," साहेब हळूच म्हणाले.

"दुसरी प्रत?"

"तीही पुसली. किल्ली काढली की प्रतही पुसायची, नियम तुमचाच ना."

"मग काही झालं तरी यंत्रणा बंद करू नका. चालू आहे तोवर माहिती बाहेर काढता येईल."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाराला अपडेट आहे. त्यात यंत्रणा आपोआप बंद होऊन परत सुरू होते."

बाराला सहा मिनिटं होती. दोघं जिन्याकडे धावले. मला आत बोलावलं. मी थांबायला हवं होतं, सवयीनं गेलो.

चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवला. जाळीतून पडदा दिसत होता, त्यावर माझं नाव. मग तो काळा झाला. परत उजळला तेव्हा नाव नव्हतं, किल्ली मागणारी रिकामी चौकट होती.

"काका, हलू नका हं," तंत्रज्ञ म्हणाली. "आत्ता उघडेल."

दारात पावलं येऊन थांबली. मान वळवता येत नव्हती.

"आक्का?"

तिनं माझा हात धरला. मग दुसऱ्या हातानं मुखवट्याचे खटके सोडवायला घेतले.