पंखा घुमला की काकू यायच्या

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याशी लोक खरं बोलत नाहीत. "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला," असं तोंड वर करून सांगतात आणि उघडावं तर आतून अर्धा कप कॉफी निघते. एकोणीस वर्षं मी जिन्याखालच्या या दुकानात बसून हे ऐकतोय, त्यामुळे माझा स्वभाव जरा तिरसट झालाय, असं बायको म्हणते. मला ते पटत नाही, पण असो. या एकोणीस वर्षांत झाला प्रकार जसाच्या तसा सांगणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं.

"मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, माझ्या उजव्या कोपरानं कप कलंडला," वाचनकाका म्हणाले होते. "चहा होता. साखर दोन चमचे. काकूंना एकच सांगितलीय."

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्यांच्या लॅपटॉपला दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या यंत्राचा कीबोर्ड बसवून दिला. त्या मॉडेलचा नवा कीबोर्ड मिळणं तेव्हाच बंद झालं होतं. सगळी अक्षरं दाबून पाहिली, आकडे दाबून पाहिले, आणि दिला पाठवून. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला याच्यामुळेच मान खाली घालावी लागली.

वाचनकाकांनी चौतीस वर्षं एका छापखान्यात नोकरी केली. काम एकच, मोठ्यानं वाचायचं. समोर मुद्रितशोधक छापील कागद घेऊन बसायचा आणि काका लेखकाचं हस्तलिखित वाचून दाखवायचे, म्हणजे छापताना काय गळलं ते त्याला कळायचं. ते नुसते शब्द वाचत नसत, विरामचिन्हंही वाचत. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून अंधांसाठीच्या ग्रंथालयाला पुस्तकं रेकॉर्ड करून द्यायला लागले. पहिलं पुस्तक त्यांनी सवयीनं स्वल्पविरामांसकट वाचलं. नायिका मरते त्या पानावर "ती कोसळली पूर्णविराम" ऐकून लोक पोट धरधरून हसले, असं ग्रंथालयाच्या बाईंनीच मला सांगितलं.

लॅपटॉप त्यांना छापखान्याच्या लोकांनी निरोपाच्या दिवशी दिला होता. झाकणावर सगळ्यांच्या सह्या आहेत, पक्क्या शाईच्या. त्यातले चार जण आता नाहीत. यंत्र अकरा वर्षांचं झालं होतं. एक बिजागरी सैल, बॅटरी नावापुरती, आणि पंखा असा की दहा मिनिटं चालला की घुमायला लागायचा. तो आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून काकांनी टीव्हीच्या खोक्याला आतून काकूंची जुनी रजई लावली आणि रेकॉर्डिंग सुरू करून ते लॅपटॉप त्यात ठेवायला लागले. बाजूला हात जाईल एवढं भोक पाडलं. आत हात घालून चाचपडत एक बटण दाबायचं, की रेकॉर्डिंग थांबतं, आणि पुन्हा दाबलं की सुरू होतं. बोटांना ते सापडावं म्हणून त्याच्यावर जखमेला लावायच्या पट्टीचा तुकडा चिकटवलेला.

मी किती वेळा सांगितलं असेल, "काका, रजईत गुंडाळल्यावर तो तापणारच. तापला की पंखा जोरात फिरणार. पंखा जोरात फिरला की तुम्ही आणखी एक रजई लावणार."

"दुसरी रजई काकू देत नाहीत," ते शांतपणे म्हणायचे.

तर त्यांची वाचायची पद्धत अशी ठरून गेली होती. दहा मिनिटं वाचायचं. पंखा घुमला की बटण दाबून थांबायचं. काकूंना तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू जायचा. त्या यायच्या, खोक्याचं झाकण उघडायच्या, वर्तमानपत्रानं वारा घालायच्या. पाच मिनिटांत यंत्र निवलं की पुन्हा वाचन. रेकॉर्ड झालेलं काका कधीही परत ऐकायचे नाहीत. दुसऱ्यांच्या चुका ऐकण्यात चौतीस वर्षं गेली, आता स्वतःच्या नकोत, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या महिन्यात ते दुकानात आले तेव्हा नेहमीसारखे तारीखवार बोलले नाहीत. खिशातून ग्रंथालयाचं पत्र काढून माझ्यापुढे सरकवलं. यापुढे सगळी पुस्तकं लोकांना मोबाइलवर ऐकता येणार होती, त्यामुळे मागे घरघर असलेलं रेकॉर्डिंग महिनाअखेरनंतर घेतलं जाणार नव्हतं. तुमच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच पंख्याची बारीक घरघर ऐकू येते, काही सोय होत नसेल तर करारांच्या कायद्याच्या पुस्तकातली उरलेली अकरा प्रकरणं आम्ही दुसऱ्या वाचकाकडे देऊ. भाषा अगदी आदराची होती.

"कायद्याची परीक्षा आहे एका मुलीची," काका म्हणाले. "पंधरा प्रकरणं माझ्या आवाजात ऐकलीत तिनं. आणि खरं सांगू का, मला दुसरं येतं तरी काय? हे गेलं की मी नुसता बसून."

मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी खेकसतो. "अहो मग नवा घ्या ना. एवढा कसला विचार? नव्यात पंखाच नसतो आता. तुमची मुलगी दोन वर्षं मागे लागलीय घेऊन देते म्हणून."

त्यांनी झाकणावरच्या सह्यांवरून बोट फिरवलं. "याच्यावर वाचताना वाटतं की मी अजून कामावर आहे. नव्यावर तसं होईल का कोण जाणे. आणि नवं यंत्र शिकायचं म्हणजे डोक्याला ताप."

शेवटी मी त्यांना एक नवा लॅपटॉप आठवडाभर वापरायला दिला. हातात घेऊन ते म्हणाले, "हा तर वहीएवढा आहे." त्यांचा तोच जुना रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम त्यात घातला आणि त्याच बटणावर पट्टीचा नवा तुकडा चिकटवून दिला. आवडला तर ठेवा, नाहीतर रविवारी परत द्या, असं ठरलं.

रविवारी सकाळी मीच त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर. खिडकीपाशी टेबल, टेबलावर माइक, नवा लॅपटॉप आणि परक्या गल्लीत नेऊन सोडलेल्या मांजरासारखा बावरलेला चेहरा करून बसलेले काका. घसा बसला होता त्यांचा.

"पंखा नाही, त्यामुळे थांबायचं कधी तेच कळत नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "काल दीड तास सलग वाचलं. चार प्रकरणं झाली आठवड्यात. काम चोख होतं, त्यात वाद नाही."

"आणि मला कधी यायचं ते कळत नाही," काकू आतून म्हणाल्या. "आधी तो घुमला की मी यायचे. आता मी आले की हे हातानं गप्प बस म्हणून खुणा करतात. स्वतःच्या घरात चोरासारखी चवड्यांवर चालते मी."

"मग ठेवायचा की परत न्यायचा?" मी विचारलं.

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दारावरची घंटा वाजली. काकू दार उघडायला गेल्या. दारात पांढऱ्या काठ्या घेतलेले दोघं उभे होते, एक पन्नाशीचे उंच गृहस्थ आणि एक विशीतली मुलगी. मुलीच्या हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ होता. दोघांचेही चेहरे पार उतरलेले.

"वाचनकाकांचं घर हेच ना?" गृहस्थांनी हळू आवाजात विचारलं. "ग्रंथालयातून पत्ता घेतला. मी टेलिफोन ऑपरेटर आहे, काकांची सगळी पुस्तकं ऐकतो. ही कायद्याची विद्यार्थिनी. आम्ही जरा भेटायला आलो होतो. म्हणजे, कळलं आम्हाला."

"या की आत," काकू म्हणाल्या. "उंबऱ्याला जपून, जरा वर आहे. आणि काय कळलं?"

दोघंही जागच्या जागी थांबले. मुलीची मान आवाजाच्या दिशेनं वळली.

"काकू?" ती म्हणाली. "तुम्ही आहात?"

"म्हणजे? मी कुठे जाणार?"

मुलगी रडायला लागली, मग हसायला लागली, आणि मग दोन्ही एकदम. ऑपरेटरसाहेब खुर्ची चाचपून मटकन बसले. काकूंना काही समजेना, पण कोणी रडलं की जवळ घ्यायचं एवढं त्यांना ठाऊक, म्हणून त्यांनी मुलीला जवळ घेतलं. फुलं दोघींच्या मध्ये चुरगळली.

सगळा उलगडा व्हायला बराच वेळ लागला. ऑपरेटरसाहेबांनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपासून काकांच्या प्रत्येक पुस्तकात दर दहा मिनिटांनी पंखा घुमतो, काका वाचन थांबवतात आणि काकू येतात. मग वर्तमानपत्राची फडफड, कपबशीचा आवाज, आणि दोघांच्या गप्पा. ते सगळं जसंच्या तसं ऐकू येतं. या आठवड्यात आलेल्या प्रकरणांमध्ये पंखा नाही, काकू नाहीत, आणि काकांचा आवाज बसलेला.

"आम्ही काय समजायचं?" ते म्हणाले. "चार प्रकरणं वाट पाहिली. पाचव्याची हिंमत झाली नाही."

काका पांढरे पडले. "पण मी बटण दाबत होतो. दर वेळी दाबत होतो."

मी जुना लॅपटॉप खोक्यातून काढून टेबलावर घेतला, सुरू केला, प्रोग्रॅम उघडला आणि पट्टी चिकटवलेलं ते बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. रेकॉर्डिंगचे आकडे आपले पुढे पळतच होते. आकड्यांच्याही वरच्या ओळीतलं बटण होतं ते, आणि कीबोर्ड बदलताना मी ती ओळ तपासलीच नव्हती. कोण वापरतंय ती, असं वाटलं होतं मला. खोक्यात हात घालून चाचपडणाऱ्या काकांना पडदा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ग्रंथालयाच्या बाई तर प्रत्येक फाइलीची सुरुवात आणि शेवट तेवढा ऐकायच्या.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांकडून जे वाक्य ऐकायला कान आसुसले होते, ते मलाच बोलावं लागलं.

काकूंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या हिशेब मांडत होत्या, दोन वर्षांत आपण काय काय बोललो त्याचा. "माझ्या गुडघ्याचं?"

"ऐकलंय," ऑपरेटरसाहेब म्हणाले. "आता बरा आहे ना?"

"वरच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल?"

"त्या लिफ्टचं दार उघडं ठेवतात."

"माझ्या नणंदेबद्दल मी काही बोलले नाही ना?"

ऑपरेटरसाहेबांनी खाकरून घसा साफ केला. "अकराव्या प्रकरणात. पण तुमचं म्हणणं आम्हा सगळ्यांना पटलं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरत होत्या की लाज, ते मला सांगता येणार नाही.

"तुम्ही ग्रंथालयात सांगायचं तरी," काका अजून धक्क्यातच होते. "मी पुस्तक नीट वाचायला बसतो हो. त्यात हे असलं सगळं."

"सांगितलं असतं तर बंद झालं असतं," मुलगी म्हणाली. तिनं नाक पुसलं. "काका, मी शिकायला इथे एकटी राहते. खोलीत दुसरं कोणी नाही. दिवसभर नुसते करार आणि कलमं. पंखा घुमायला लागला की मी पुस्तक बाजूला ठेवून सावरून बसायचे, की आता काकू येणार. काकू 'चहा घ्या, गार होतोय' म्हणाल्या की मीही उठून माझा चहा करायचे. तेवढंच घर होतं मला."

काका उठले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

काकू मात्र चहा ठेवायला निघाल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "अरे, हा नवा परत नेऊ नकोस. पुस्तक स्वच्छच पाहिजे, मुलीची परीक्षा आहे. फक्त ते बटण आहे ना थांबायचं, ते कधी दाबायचं आणि कधी नाही, ते यापुढे मी ठरवणार."

तसंच झालं. झाकणावरच्या सह्या समोर असाव्यात म्हणून जुना लॅपटॉप काकांनी टेबलाच्या कडेला मिटून ठेवला आहे. रजई काकूंकडे परत गेली. ग्रंथालयाच्या बाईंना सगळं सांगितलं तेव्हा आधी त्यांनी डोक्याला हात लावला, मग प्रकरण संपल्यावर पाच मिनिटं जास्तीची चालतील म्हणाल्या. पहिली फाइल पाठवण्याआधी काकांनी ती मला तपासायला दिली. या वेळी मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासली.

सोळाव्यापासूनची ती चार प्रकरणं त्यांनी पुन्हा वाचली होती. वाचन खणखणीत, मागे टाचणी पडल्याचाही आवाज नाही. सोळावं प्रकरण संपलं. खुर्ची करकरली. पावलं ऐकू आली, चवड्यांवरची नाहीत, नेहमीची. टेबलावर कपबशी टेकली.

"झालं का?" काकू म्हणाल्या. "घ्या आता, गार होतोय." मग थोडं थांबून, माइकच्या अगदी जवळून, "आणि तू पण ऊठ गं. तुझा ठेव."