भिंगरी मिस्त्रीचं चौथं इंजिन

माझा दादा जेवतानासुद्धा एका जागी बसत नाही. दोन घास खातो, उठतो, खिडकीची कडी घट्ट करतो, परत येतो. पायाला भिंगरी म्हणतात ती त्याला जन्मापासूनच, म्हणून गल्लीत सगळे त्याला भिंगरी मिस्त्री म्हणतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी वहिनी ताट घेऊन त्याच्यामागे फिरायची. दुसऱ्या वर्षापासून ती ताट झाकून ठेवते आणि स्वतः जेवून घेते.

धंदा त्याचा जनरेटर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. ते दोघं पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्यावर आणि खाली शटरचं दुकान. दुकानाच्या मागच्या लांब खोलीत अकरा वर्षं एक विमान उभं होतं. खेळण्यातलं नव्हे, दोन माणसं बसतील असं. लाकडी सांगाडा आणि वर ताणलेलं कापड. ते कापड माझं काम. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते, माझा टाका घट्ट असतो, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. पंखाच्या एकेका फासळीला कापड दोऱ्यानं बांधायचं, दर चार बोटांवर एक गाठ. दोन्ही पंख मी दोनदा बांधले, कारण पहिलं कापड भिंतीला टांगल्या टांगल्या जुनं झालं. माणसानं वाट बघावी हे समजू शकते, कापडानं किती बघायची?

विमान होतं मास्तरांसाठी. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि रविवारी शहराबाहेरच्या मैदानावर हौशी लोकांना विमान चालवायला शिकवायचे. त्यांच्या आधीच्या विमानाचं इंजिनही दादानंच बांधलेलं. एका सकाळी वर चढताना ते हवेत बंद पडलं आणि विमान शेताच्या बांधावर आदळलं. मास्तर वाचले. उजवा पाय तीन ठिकाणी मोडला, तो दोन बोटं आखूड झाला आणि हातात काठी आली. दवाखान्यात पडल्या पडल्याच ते सगळ्यांना सांगू लागले, "चूक माझी. नाक फार वर धरून चढत राहिलो. तेलाच्या दाबाचा काटा खाली आला आणि मी ढग बघत होतो." त्यानंतर त्यांनी शिकवणं सोडलं. म्हणाले, ज्याचं काट्याकडे लक्ष नाही त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं. पण रविवारी मैदानावर जायचे आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ही गोष्ट सांगायचे. दादा शेजारी उभा असला की बुटाच्या टोकानं माती उकरत राहायचा. मला वाटायचं, मित्राचं दुःख बघवत नाही बिचाऱ्याला.

मास्तर दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात दादा म्हणाला, "मी तुम्हाला नवं विमान बांधून देतो." तीन वर्षांत सांगाडा झाला. उजव्या पायाचं पेडल त्यानं मास्तरांच्या मापानं दोन बोटं पुढे बसवलं. उरलं फक्त इंजिन, आणि घोडं तिथंच पेंड खायला लागलं.

पहिलं इंजिन आणलं ते दोन स्ट्रोकचं. हलकं, एका माणसानं उचलावं असं. खोलीत स्टँडवर बसवून तासन्‌तास चालवलं, अख्ख्या गल्लीच्या कानाचे पडदे फाटले. महिन्याभरानं दादा म्हणाला, "हे बंद पडताना आधी खाकरतसुद्धा नाही. नको." दुसरं छोट्या गाडीचं, पाण्यानं थंड होणारं. तेव्हा मला कळलं की रस्त्यावर गाडीचं इंजिन कधी पूर्ण जोर लावतच नाही, विमानात मात्र त्याला सतत छाती फुटेस्तोवर पळावं लागतं. शिवाय ते फिरतं भरभर आणि विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हवं सावकाश, म्हणून मध्ये पट्ट्याची चाकं आली. मग रेडिएटर आला, पाणी आलं, वजन वाढलं आणि विमान नाकावर झुकलं. भरल्या गाड्याला सूप जड नाही म्हणतात, विमानाला ते सूपही जड होतं. दोन वर्षं गेली आणि तेही नापास झालं. तिसऱ्याच्या क्रँकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यात, त्याला केसाएवढी भेग दिसली. मी भिंग लावून पाहिलं, वहिनीनं पाहिलं, आम्हाला काही दिसली नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. लोक म्हणायचे, दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पितोय.

चौथं मात्र खरंच गुणी होतं. जुन्या गाडीतलं, चार सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे, हवेनंच थंड होणारं. पंखा थेट क्रँकवर, मध्ये काही भानगड नाही. दादानं त्याचे पिस्टन औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या तराजूवर तोलले. जो जड निघाला तो आतून कानशीनं घासला, पुन्हा तोलला. एकेका सिलिंडरला दोन-दोन प्लग बसवले, एक रुसला तर दुसरा असावा म्हणून. पन्नास तास ते स्टँडवर चाललं आणि एकदाही अडखळलं नाही. मास्तर दर रविवारी काठी टेकत यायचे, डोळे मिटून ऐकायचे. एकदा म्हणाले, "मिस्त्री, हे बसव रे आता. डॉक्टर उडवायच्या परवान्यावर सही द्यायला कुरकुर करतोय. या वेळी सहा महिन्यांची दिलीय, पुढची देणार नाही म्हणाला."

म्हणजे सहा महिन्यांत विमान उडालं नाही, तर मास्तर ते कधीच उडवणार नव्हते.

दादा म्हणाला, "तेल गळतंय."

खरंच गळत होतं. इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या डब्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. त्याच्या जोडातून दिवसाला एक थेंब यायचा. दादा खाली पांढरा कागद पसरायचा आणि त्या थेंबाभोवती घिरट्या घालायचा. चेंबर सतरा वेळा काढला, सतरा वेळा कागदी पॅकिंग बदललं. तीन महिने गेले. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अरे, वरच्या गल्लीतला पोरगेलासा मेकॅनिकसुद्धा जोडाला सिलिकॉनची ट्यूब लावतो. तू का लावत नाहीस?" तो बाहेर गेला आणि शेजाऱ्यांचा न बिघडलेला नळ दुरुस्त करून आला.

ट्यूब घरात आहे का बघावं म्हणून मी त्याचा बिस्किटांचा डबा उघडला. त्यात वायसर, तारा, आणि तळाशी औषधाची छोटी बाटली. बाटलीत तांदळाएवढा नारिंगी रबराचा तुकडा होता. मला कळेना. दादा दारात आला, बाटली पाहिली, आणि पहिल्यांदाच मी त्याला खुर्ची शोधताना पाहिलं.

"मास्तरांच्या इंजिनातला आहे," तो म्हणाला. "तेलाच्या जाळीत अडकला होता. हा आणि असे आणखी सहा. मी जोडाला सिलिकॉन जास्त लावलं गं. एक थेंबही गळू नये म्हणून जाड लावलं. आत जे ओघळलं ते वाळून सुटलं आणि जाळी बंद झाली. तेल वर चढलंच नाही. काटा बघून मास्तर काय करणार होते? काटा पडल्यावर अर्ध्या मिनिटात सगळं संपलं होतं."

अति तिथे माती, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. काळजीची माती होते हे मात्र मी तेव्हा पाहिलं. पण मला त्याची दया आली नाही. खोटं कशाला बोलू, राग आला. चूक कुणाच्याही हातून होते, माझ्याही सुईनं दोन-चार लोकांचे कपडे फाटलेत. पण मास्तर अकरा वर्षं स्वतःला दोष देत होते आणि हा मातीत बूट घासत होता. मी म्हटलं, "रविवारी सांग. नाही तर मी सांगेन."

रविवारी मास्तर आले. वहिनीनं चहा ठेवला. दादानं कार्बोरेटरवर बोलायला सुरुवात केली, मग प्लगवर, मग वाऱ्यावर. दोनदा उठला, खाली जाऊन विमानाचा पंखा पुसून आला. माझ्यानं राहवेना. मी बाटली मास्तरांच्या कपाशेजारी ठेवली. माझ्या स्वभावाला औषध नाही, हे मला मान्य आहे.

मग दादानं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, मास्तरांच्या काठीकडे बघत. मास्तरांनी बाटली उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग विचारलं, "मी दोन महिने दवाखान्यात होतो. तू रोज यायचास. तेव्हा हे तुझ्या खिशात होतं?"

"रोज आणायचो," दादा म्हणाला. "सांगायला म्हणूनच."

मास्तर उठले. चहा तसाच राहिला. जिन्यावरून काठीचा आवाज खाली जाईपर्यंत आम्ही तिघं ऐकत होतो.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. दादानं इंजिनावर चादर टाकली आणि बिघडलेलं-न बिघडलेलं घरातलं सगळं उघडून ठेवलं. घड्याळ, मिक्सर, माझं शिवणयंत्र. वहिनी एवढंच म्हणाली, "निदान शेगडी तरी सोडा." मला अन्न गोड लागेना. आपण होऊन बाटली ठेवली नसती तर निदान मास्तर रविवारी येत तरी राहिले असते, असं वाटायचं, आणि असं वाटतं म्हणून स्वतःचाच राग यायचा. चौथ्या रविवारी मी मास्तरांच्या दारापर्यंत गेले आणि बेल न वाजवता परत आले. मीसुद्धा त्याच आईची मुलगी.

सहाव्या रविवारी खाली दुकानात काठी वाजली. मास्तर वर आलेच नाहीत, खालच्या खोलीतूनच हाक मारली. आम्ही खाली गेलो तर त्यांनी इंजिनावरची चादर काढली होती आणि हातात सिलिकॉनची नवी ट्यूब होती.

"चेंबर काढ," ते म्हणाले.

दादानं काढला. मास्तरांनी आतून कडेकडेनं बोट फिरवलं, मग ट्यूब पुढे केली. "लाव. पातळ. मी बघतोय."

"माझ्यानं नाही होणार, मास्तर."

"तुझ्यानंच व्हायला पाहिजे. मी काय, भूगोलाचा माणूस."

दादानं ट्यूब घेतली. त्यानं रेघ ओढली, दोऱ्याएवढी बारीक. एका ठिकाणी ती जाड झाली तेव्हा मास्तरांनी काठीचं टोक तिथं दाखवलं, दादानं ती पुसून पुन्हा ओढली. मी आयुष्यभर शिलाई केलीय, इतकी सरळ रेघ माझीही येत नाही. चेंबर बसला. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा होता.

जाताना मास्तर म्हणाले, "माफ केलंय असं समजू नकोस, त्याला वेळ लागेल. पण डॉक्टरची सही थांबत नाही. आणि एक. मैदानावर ती गोष्ट अकरा वर्षं मी सांगतोय. येत्या रविवारी तू सांगायची."

त्या आठवड्यात इंजिन विमानावर चढलं, विमान मैदानावर गेलं आणि रविवारी दादानं ती गोष्ट सांगितली. वीस-पंचवीस माणसं होती, त्यांत मास्तरांचे जुने विद्यार्थीही होते. तो एका जागी उभा राहू शकला नाही, विमानाभोवती फेऱ्या मारत बोलला आणि लोक मान वळवत ऐकत राहिले. बाटली हातोहात फिरली. शेवटी मास्तर एवढंच म्हणाले, "काट्याकडे लक्ष ठेवा, ते खरंच आहे. पण चूक ती नव्हती."

नियमाप्रमाणे पहिले काही तास चालकानं एकट्यानंच उडवायचं असतं. मास्तरांनी ते महिनाभरात पुरे केले. ते वर असेपर्यंत दादा मैदानाच्या कुंपणाला धरून चालत राहायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते उतरले की दोघं मिळून तेलाची जाळी काढायचे आणि उजेडात धरायचे. एकानं बघायचं, दुसऱ्यानं पुन्हा बघायचं. जाळी रोज स्वच्छ निघायची, तरी रोज दोघं बघायचे.

शेवटच्या आठवड्यात मास्तर म्हणाले, "चल, आता तू बस."

दादा आजवर आपल्या कुठल्याच इंजिनामागे बसला नव्हता. ते मला त्या दिवशी कळलं. तो म्हणाला, "मी कशाला? वजन वाढेल."

"दुसरी सीट तुझ्या बहिणीनं काय मांजरासाठी शिवलीय?"

ते उडाले. माझ्या गाठी उन्हात दिसत होत्या, दर चार बोटांवर एक, आणि मला प्रत्येक गाठीची शंका येऊ लागली. डाव्या पंखाची शेवटची फासळी मी थकल्यावर बांधली होती का? दोरा मेणात नीट बुडवला होता का? मी कुंपणाला धरून चालायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वहिनी म्हणाली, "अगं, बस जरा." मला बसवेना. अकरा वर्षं मी त्याला नावं ठेवली होती, ते सगळं त्या आठ-दहा मिनिटांत माझ्या पायात उतरलं.

विमान टेकलं, गडगडत आलं, पंखा थांबला. मास्तर काठी काढून सावकाश उतरले. दादा उतरला नाही. मी धावत गेले. तो पट्टा बांधून बसला होता, दोन्ही हात मांडीवर, पाय जुळवलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसतही नव्हता.

"दादा, उतर की."

"थांब गं," तो म्हणाला. "जरा बसू दे."