सासूबाईंनी झाकलेली नाव

लग्न होऊन मी दापोडीला आले, तेव्हा सासऱ्यांची नदीवर नाव होती. पावसाळ्यात ते ती काठावर ओढून ताडपत्रीत घट्ट बांधत. पहिल्या वर्षी ताडपत्री सोडली, तर फळ्यांवर हिरवट बुरशी चढलेली आणि दोर कुजलेले.

पुढच्या पावसाळ्यात सासूबाईंनी नावेखाली दगड लावले, वर बांबू टाकून ताडपत्री छपरासारखी सोडली आणि दोन्ही टोकं उघडी ठेवली.

“अगं, पाणी जाईल आत,” सासरे म्हणाले.

“थोडं जाईल, पण वारं बी जाईल.”

उघडीप मिळाली की त्या नाव आतून पुसून काढत.

दसऱ्याला सासऱ्यांनी कोरड्या फळीवर हात फिरवला. “आता दरसाल तूच झाकायची,” ते म्हणाले.

दिवाळीला माहेरी गेल्यावर आईला मी सगळ्यात आधी हेच सांगितलं.