चष्म्यासारखी पुसलेली चकती

आत्याला राग येतो तेव्हा तिचा आवाज चढत नाही, उतरतो. त्या दिवशी प्रयोगशाळेत तो इतका उतरला की तिच्या साहेबांना ऐकायला वाकावं लागलं.

"पुसली म्हणजे? कशानं पुसली?"

"रुमालानं. तोंडाची वाफ दिली, चष्मा पुसतो तशी. पाहुणे येतायत बाई, आणि तुमची चकती बघावी तर तव्याचं बूड."

त्या काळेपणासाठीच तर आत्यानं आयुष्य घासलं होतं. उन्हापासून वीज करणारी सिलिकॉनची चकती मुळात आरशासारखी. तिच्यावर पडलेलं बरंच ऊन आल्या पावली परत जातं, विजेच्या कामी येतच नाही. म्हणून आत्या ती क्षाराच्या गरम पाण्यात बुडवते. मग तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे सुळके उठतात. एका सुळक्यावरून उडालेला उजेड शेजारच्या उतारावर आपटतो आणि आत घुसतो. चकती जितकी काळी, तितकं ऊन तिच्या पोटात. तिचं लग्न ठरताना व्याह्यांनी विचारलं, "मुलगी करते काय?" आजोबा म्हणाले, "चकाकतं ते काळं करते."

काम पुढे चालवायचं की तिचं टेबल उचलायचं, ते आज पाहुणे ठरवणार होते. आणि साहेबांच्या रुमालानं सुळके मोडले होते, उरलेल्या फटी बोटांच्या तेलानं बुजल्या होत्या.

दाराशी पावलं वाजली. साहेब कुजबुजले, "कोरी चकचकीत दाखवू. त्यांना काय कळतंय?"

आत्यानं पुसलेलीच दिव्याखाली ठेवली. मधोमध पांढरा पट्टा लखलखला.

"ही तर उजेड परत फेकतेय," पाहुण्या बाई म्हणाल्या.

"फेकणारच. साहेबांनी मघाशी पुसली."

पाहुण्या बाईंनी साहेबांकडे एकदा पाहिलं.

"दुसरी आहे?"

"काळी केलेली नाही. कोरी आहे, ती तुमच्यासमोर करते. वेळ लागेल, आणि उभं राहावं लागेल."

"अहो, पाहुण्यांचा चहा..." साहेब म्हणाले.

"चहा बाहेर. इथे डोळ्यांना चष्मे लावा. तुम्हीपण."

क्षार तापला, बुडबुडे सुटले. आत्या भांड्यावरची नजर न हलवता बोलत राहिली. "रोज एकच पालुपद, 'बाई, जरा दिसायला बरं करा.' साहेब, पाहणाऱ्याला त्याचं तोंड दाखवायला नाही केलेली ही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. विचारायला कमीपणा, पुसायला मात्र हात शिवशिवतात."

साहेबांच्या चष्म्यावर वाफ धरली. पुसायचा धीर त्यांना झाला नाही.

आत्यानं चकती चिमट्यानं उचलली, धुतली, वाळवली, दिव्याखाली धरली. पाहुण्या बाई वाकल्या, इकडून तिकडून पाहिलं. त्यांना आपला चेहरा कुठेच सापडेना. परत येणारा उजेड मोजणारा काटा जेमतेम हलला.

"टेबल राहू दे," त्या म्हणाल्या. "काम चालू ठेवा."

साहेबांनी घसा साफ केला. "मुळात ही कल्पना आमच्या विभागाचीच. एक फोटो होऊन जाऊ दे." आणि त्यांनी चकतीकडे हात नेला.

"हात खिशात," आत्या म्हणाली. आवाज तितकाच खाली.

तो फोटो अजून तिथल्या भिंतीवर आहे. आत्या चकती धरून उभी आहे, कपाळावर आठ्या. शेजारी साहेब, दोन्ही हात खिशात.