पुन्हा पहिले वर्ष

षड्रिपूंच्या गणनेत मत्सर सर्वांत शेवटी येतो. म्हणून तो धाकटा नि निरुपद्रवी असावा, असे पुष्कळांना वाटते. यवतमाळच्या डॉ. अनघालाही तसेच वाटत असे. वडील मधुसूदनराव वकील. प्रातःकाळी स्तोत्रे म्हणत अंगणात फेऱ्या घालणारे. अशा घरात वाढलेल्या तिला कुणाचे वाईट चिंतणे आपल्या प्रकृतीतच नाही याची खात्री होती. आजवर तशी वेळ आली नव्हती, हे कारण तिच्या ध्यानात आले नव्हते.

दंतवैद्यकाची पदवी घेतल्यावर तिने समीक्षासह दवाखाना थाटला. समीक्षा तिची वर्गमैत्रीण. कळंबजवळ कापूस-तूर पिकवणाऱ्या पुंडलिकरावांची थोरली लेक. दोन खुर्च्या, मध्ये काचेचा आडोसा. बारावीनंतर दोघींनाही एमबीबीएसच हवे होते आणि दोघींचेही थोडक्यात हुकले होते. अनघाने त्या व्रणावर विवेकाचे वस्त्र पांघरले. समीक्षाने तो उघडाच ठेवला. कवळीसाठी रुग्णाच्या जबड्याचे माप घ्यावे आणि मापासाठी भरलेला लगदा घट्ट होईपर्यंतच्या फुरसतीत खिशातले भौतिकशास्त्राचे कागद काढून वाचावेत, असा तिचा क्रम सुरू झाला.

"या वयात नीटची परीक्षा देणार?" अनघाने विचारले होते. "वर्गातली मुलं मावशी म्हणतील तुला."

"म्हनू दे ना व. फुकटात भाचे भेटतीन."

अनघा तेव्हा मनमोकळी हसली, कारण हे घडणार नाही असे ती धरून चालली होती. ते घडले. गावातल्याच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात समीक्षाला जागा मिळाली. तिने आणलेला पेढा अनघाच्या टाळूला चिकटून बसला, तो काही केल्या खाली उतरेना.

दुसऱ्याच्या गुणांत दोष पाहणे, अशी असूयेची व्याख्या आपल्याकडे पूर्वापार केली जाते. अनघाला आता ती अनुभवास येऊ लागली. समीक्षाचे मोठ्याने हसणे तिला ग्राम्य वाटू लागले, तिची चिकाटी म्हणजे हावरेपणा. त्यातच इंदुताई नावाच्या वृद्ध रुग्ण अनघाच्याच खुर्चीत दाढ दाखवता दाखवता म्हणाल्या, "समीक्षाबाई आता मोठ्या डॉक्टर होतीन ना?" अनघाने त्यांच्या गालाच्या आत कापसाचा बोळा ठेवला. आवश्यकतेपेक्षा तो जरा मोठाच होता.

त्या आठवड्यात समीक्षा बाहेर गेली असता पुंडलिकराव दवाखान्यात आले. कळंबच्या चिंतामणीचा प्रसाद त्यांनी अनघाच्या हातावर ठेवला आणि रुग्णांच्या बाकावर अवघडून बसले.

"बाई, एक विचारायचं होतं. पोरीले एक सोयरीक आली हाये. पोरगं चांगलं हाये. म्या त्याइले म्हनलं, दोनेक वर्सं थांबा. दाताचं म्हंजे अर्धी डाक्टरी, आता राह्यलेली अर्धी करून घेते पोरगी. दोन वर्सांत होईन ना?" मग जरा थांबून म्हणाले, "तुमी सांगान तसं करू. तुमचा शबूद पोरगी मोडत नाही."

'अर्धी' हा शब्द अनघाला झोंबला होता. पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या लक्षात आली होती. समीक्षाचे जाणे या घटकेला अनघाच्या जिभेवर होते, आणि ते अडवायला खोटे बोलण्याचीही गरज नव्हती.

"काका, राहिलेलं अर्धं असं काही नसतं," ती अत्यंत मृदू स्वरात म्हणाली. "तिला पहिल्या वर्षापासून बसावं लागेल. अठरा वर्षांच्या मुलांबरोबर. जे आम्ही एकदा शिकलो तेही पुन्हा. एका दिवसाची सूट नाही. पाच वर्षांहून जास्तच जातील. इथे दवाखाना उभा आहे, नाव झालंय. मी तिच्या जागी असते तर गेले नसते."

शब्द न् शब्द खरा होता. ट्रेमधून नेमके हत्यार उचलावे तसा तिने प्रत्येक निवडला होता.

पुंडलिकराव बाकावरच पुढे सरकले.

"हे तिले माहीत हाये?"

"पहिल्यापासून."

"अन् तरी जातो म्हन्ते?"

"हो."

"मले वाटे, राह्यलेलं काम उरकून राह्यली. हे तर दुबार पेरनी हाये. अन् पेरनाऱ्याले अडवू नाही." ते उठले. "जाऊ द्या मंग. सोयऱ्याले सांगतो, थांबत असान तर थांबा."

संध्याकाळी समीक्षा आली, ती आपला जुना अ‍ॅप्रन घेऊन. खिशावर निळ्या धाग्याने 'डॉ. समीक्षा' भरलेले होते.

"यातलं 'डॉ.' काढून दे ना, अनू. पहिल्या वर्साच्या पोरीच्या अंगावर बरं नाही दिसत. तुया हात हलका हाये."

अनघाने दात तपासायची बारीक आकडी घेतली आणि टाके उसवू लागली.

"बाबाले तूच सांगितलं म्हने सारं. माया तोंडून निंघतच नव्हतं. ते दोन वर्सं धरून बसले, अन् म्या बी धरू दिले. सुटलो बाप्पा एकदाचा."

कृतज्ञता इतकी जाळू शकते हे अनघाला ठाऊक नव्हते. ती खाली मान घालून धागा ओढत राहिली.

"जाऊ नको असं बी सांगितलं तू," समीक्षा तितक्याच सहजतेने म्हणाली. "बाबा जसंच्या तसं सांगतात."

आकडी थांबली. "मग भांडत का नाहीस?"

"कायले भांडू? तुया जागी म्या असतो, तर म्या खोटं बी सांगितलं असतं."

आणि ती हसली, तेच मोठे हसणे. मत्सरग्रस्ताला एवढाच आधार हवा असतो, की ज्याचा हेवा वाटतो तो कुठेतरी क्षुद्र निघावा. समीक्षाने तोही ठेवला नाही. मिळालेल्या जागेचा वाटला नव्हता इतका हेवा अनघाला त्या क्षणी तिच्या त्या हसण्याचा वाटला.

उरलेले टाके तिने उसवले. फार जपून, कापडाचा एक तंतूही न दुखावता, कारण हात दंतवैद्याचे होते आणि मनातले त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. परत देताना मात्र तो अ‍ॅप्रन तिच्या बोटांतून लवकर सुटेना. समीक्षाला तो जरा ओढून घ्यावा लागला.